गळ, डोह आणि स्नेही

भोर आणि वेल्हें हीं नांवें उच्चारतांच सुशिक्षित मराठी कुटुंबाच्या मनांत प्रथम किल्ले उभे राहतात, आणि तें योग्यच आहे. तोरणा, राजगड, रोहिडा, केंजळगड, रायरेश्वर हीं नांवें ऐकून ज्याचें मन हलत नाहीं त्यानें शाळेंत इतिहास कशासाठीं शिकावा, असें आम्ही वर्गांत मुलांना अनेक वर्षें विचारीत आलों. परंतु अलीकडे श्रावणांतील कोणत्याहि रविवारीं या गडांच्या पायथ्याशीं जाऊन पाहावें. मोटारींच्या रांगा, कर्ण्यांचे आवाज, मक्याच्या कणसांच्या गाड्या आणि भिजणाऱ्या मंडळींचा कलकलाट यांतून गडापर्यंत पोहोंचणें हेंच गड चढण्याहून कठीण झालें आहे. तरुणांनीं गड चढूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं ते अवश्य चढावे. पण दोन गडांच्या मध्यें एक खोरें असतें, त्या खोऱ्यांत एक नदी असते, आणि त्या नदीच्या कांठीं मात्र सहसा कोणी उतरत नाहीं. गडाची वाट वर्दळीची झाली. पाण्याची वाट अजून मोकळी आहे. आजचा लेख त्या पाण्याविषयीं आहे.

विषय मासे धरण्याचा आहे, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. म्हणजे ज्यांच्या कपाळास आठ्या पडावयाच्या त्यांच्या त्या आतांच पडून जातील. आमच्या घरीं सात पिढ्यांत मासा शिजलेला नाहीं, व आमच्या हयातींत तो शिजण्याचा संभवहि नाहीं. असें असतां गेलीं वीस वर्षें दर कार्तिकांत आम्ही एका गळ टाकणाऱ्या गृहस्थाच्या शेजारीं नदीकांठच्या खडकावर बसत आलों आहों. याचें कारण मैत्री. आमचे हे स्नेही पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले, जातीनें सारस्वत, मूळचे गोमंतकांतील. मासा ही पाण्यांतील भाजीच होय, हें त्यांच्या घराण्याचें वचन ते आम्हांस शास्त्रवचनाच्या गांभीर्यानें ऐकवितात. आम्ही त्यांस रावसाहेब म्हणतों, ते आम्हांस मास्तर म्हणतात. त्यांच्या पिशवींत गळ, आमच्या पिशवींत पोथी. भाकरी मात्र दोघांची एकच. ज्यास मासा खावयाचा नाहीं त्यासच मासे धरण्याचें निर्भेळ सुख कळतें, असा आमचा दावा आहे. रावसाहेबांस तो अद्याप मान्य नाहीं.

प्रथम या भूमीचें रूप ध्यानांत घेतलें पाहिजे. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे डोंगरांचे लांबच लांब फांटे पसरले आहेत, आणि दोन फांट्यांच्या मध्यें एकेक नदी वाहते. जुन्या कागदपत्रांत ज्यांस मावळें म्हणतात तीं हींच खोरीं. गुंजवणीचें गुंजण मावळ, कानंदीचें कानद खोरें, वेळवंडीचें वेळवंड खोरें, नीरेच्या उगमाकडचें हिरडस मावळ, आणि रोहिड्याच्या आसपासचें रोहिड खोरें. शिवकालांत ज्यांच्या पराक्रमानें स्वराज्य उभें राहिलें ते जेधे, बांदल, कंक याच पाण्यावर वाढले. येसाजी कंक वेळवंडीकांठच्या भुतोंड्याचे, बाजीप्रभु देशपांडे हिरडस मावळांतील शिंद गांवचे, कान्होजी जेधे रोहिड खोऱ्यांतील कारी गांवचे. आम्ही मुलांना या वीरांचीं नांवें पाठ करावयास लावतों. परंतु हीं माणसें कोणत्या नदीचें पाणी पीत होतीं हें फारसें कोणी विचारीत नाहीं.

या खोऱ्यांची एक मौज अशी कीं, त्यांच्या पश्चिम टोंकास उभें राहिलें असतां एका बाजूस पडलेला पाऊस कोंकणांत उतरून अरबी समुद्रास मिळतो, आणि हातभर पलीकडे पडलेला पाऊस नीरेंतून नरसिंहपुराजवळ भीमेस, भीमेंतून कृष्णेस, व अखेर पूर्वसमुद्रास जातो. वेल्ह्याच्या पलीकडे केळदजवळील मढे घाटाच्या माथ्यावर किंवा भोरहून महाडास उतरणाऱ्या वरंधा घाटाच्या तोंडाशीं हें प्रत्यक्ष पाहावयास सांपडतें. भूगोलाच्या पुस्तकांत दोन पानें खर्च करून जें मुलांच्या डोक्यांत उतरत नाहीं, तें तेथें एका दृष्टिक्षेपांत उतरतें.

नद्या मोकळ्या राहिल्या नाहींत, हेंहि सांगितलें पाहिजे. वेळवंडीवर भाटघर येथें एकोणिसाव्या शतकांतच धरण झालें होतें. त्याची जागा १९२८ सालीं नव्या प्रचंड धरणानें घेतली. त्यास त्या काळीं लॉइड धरण म्हणत; आतां त्याच्या जलाशयास येसाजी कंकांचें नांव आहे. पुढें नीरेवर देवघरचें आणि धानेपजवळ कानंदीवर गुंजवणी प्रकल्पाचें धरण झालें. या पाण्यावर खालीं बारामती, फलटण, इंदापूर, माळशिरस येथील ऊंस उभा आहे. आणि ज्यांच्या जमिनी त्यासाठीं बुडाल्या त्या मावळकरांची भातशेती वरकस उतारावर सरकली आहे. कांबरे गांवचें कांबरेश्वराचें प्राचीन मंदिर वर्षांतील बहुतेक महिने भाटघरच्या पाण्याखालीं असतें, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरलें म्हणजे कांहीं दिवस दर्शन देतें. पाण्याचें सुख भोगावयास जाणाऱ्यानें त्या पाण्याखालीं काय आहे याची आठवण ठेवावी, एवढ्यासाठीं हें लिहिलें.

आतां वाट. पुण्याहून सातारा रस्त्यानें निघालें कीं नसरापूरचा फाटा येतो. तेथें क्षणभर आंत वळून नानासाहेब पेशव्यांच्या काळचें बनेश्वराचें देवालय व त्याचें शीतल बन पाहावें. नसरापुराहून एक रस्ता मार्गासनी, विंझर यांवरून वेल्ह्यास जातो. वेल्हें तालुक्यास आतां राजगड तालुका असें नांव मिळालें आहे, पण एस. टी.च्या गाडींत बसलेल्या म्हाताऱ्या बाया अजून वेल्हेंच म्हणतात. दुसरा रस्ता सातारा रस्त्यावरच पुढें कापूरहोळास वळून भोरास जातो. पुण्याहून भोर सुमारें पन्नास किलोमीटर. पंतसचिवांच्या या जुन्या राजधानींत नीरेच्या कांठीं राजवाडा आहे. शंकराजी नारायण सचिवांपासून चालत आलेलें हें संस्थान १९४८ च्या मार्च महिन्यांत मुंबई प्रांतांत विलीन झालें. भोरच्या पुढें आंबवडें येथें गर्द झाडींत नागेश्वराचें मंदिर आहे, आणि तेथील ओढ्यावर संस्थानी काळांत बांधलेला झुलता पूल आहे. त्या पुलावर पाऊल ठेवतांच घरांतील आजीबाईपासून नातवापर्यंत सर्वांच्या तोंडून एकच उद्गार निघतो. येथवर मुलाबाळांसह सर्व कुटुंबानें यावें. गळाची वाट मात्र येथून पुढें सुरू होते, आणि तिजवर दोघांतिघांनींच जावें.

आमची बसण्याची जागा या खोऱ्यांपैकीं एका खोऱ्यांत आहे. तिचें नांव आम्ही सांगणार नाहीं. रावसाहेबांस तसें वचन दिलें आहे, आणि गर्दीचा अनुभव घेतलेल्या वाचकांस त्याचें कारण सांगावें लागणार नाहीं. एवढेंच सांगतों कीं, नदी तेथें दोन खडकांच्या मधून खळाळत येऊन एका खोल काळ्या डोहांत पडते. कांठावर उंबर, जांभूळ व करंज यांची दाटी आहे. उंबराचीं पिकलीं फळें टपटप पाण्यांत पडतात, आणि तीं गिळावयास मासे वर येतात. समोरच्या फांदीवर खंड्या एखाद्या समाधिस्थ योग्याप्रमाणें बसलेला असतो. रावसाहेब त्यास ‘आमचे गुरुबंधु’ म्हणतात. कार्तिकांत पाणी निवळलेलें असतें, भात कापणीस आलेलें असतें, व सकाळीं पाण्यावरून धुकें उठून उतारावर चढत जातें. पावसाळ्यांतील धबधब्यांस भुलून येणाऱ्या मंडळींनीं एकदां हा निवांत ऋतु पाहावा.

तेथें आमचे तिसरे स्नेही भेटतात. हे एक वृद्ध भोई आहेत. वय त्यांचें त्यांसहि ठाऊक नाहीं. आम्ही त्यांस बाबा म्हणतों, ते आम्हां दोघांसहि गुरुजी म्हणतात. कारण त्यांच्या मतें चष्मा लावणारा प्रत्येक मनुष्य गुरुजीच असतो. पहिल्याच वर्षीं रावसाहेब नवी विलायती काठी, चकचकीत दोरा व निरनिराळ्या प्रकारचे गळ घेऊन मोठ्या ऐटींत डोहाशीं उभे राहिले, तेव्हां बाबा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “गुरुजी, मासा गळाला भीत न्हाई, सावलीला भितो. आधी सावली मागं घ्या.” सूर्य पाठीशीं घेऊन उभें राहिलें कीं माणसाची सावली पाण्यावर पडते, आणि वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यांची धास्ती असलेला मासा त्या हलत्या काळोखापासून दूर पळतो. रावसाहेब दहा पावलें मागें सरले, खालीं बसले, आणि अर्ध्या घटकेंत दोरा ताठ झाला.

बाबांपासून आम्ही दोघे पुष्कळ शिकलों. वेगाचें पाणी ज्या जागीं डोहास मिळतें तेथें मासा तोंड वर करून उभा राहतो, कारण अन्न त्या वाटेनें वाहत येतें. सकाळ व संध्याकाळ या त्याच्या जेवणाच्या वेळा. भर दुपारीं तो खोल जाऊन स्वस्थ राहतो, व मनुष्यानेंहि तसेंच करावें. शिंगटी तळाशीं चरते, तिला गांडूळ लागतें; खडसास कणकेची गोळी किंवा पिकलें उंबर चालतें. मोरपिसाचा देठ दोऱ्यास बांधून पाण्यावर तरंगत ठेवावा. तो नुसता थरथरला तर ओढूं नये, बुडाला तर ओढावा. रावसाहेबांनीं हा शेवटचा नियम आत्मसात करण्यास तीन वर्षें घेतलीं. “मास्तर,” ते एकदां हळूच म्हणाले, “पोथी जरा मनांत वाचा. मासे संस्कृताला बिचकतात.”

संस्कृताचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगतों. मासे धरण्याचा छंद इंग्रजांनीं येथें आणला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर, ज्यास भूलोकमल्ल म्हणत, त्यानें ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नांवाचा ज्ञानकोश रचला. राजनीति, रत्नपरीक्षा, गजशास्त्र, संगीत असे शंभर अध्यायांचे विषय त्यांत आहेत; मांडे, वडे यांच्या कृतीहि आहेत. त्याच ग्रंथांत राजानें करावयाच्या मनोविनोदांमध्यें ‘मत्स्यविनोद’ हें एक प्रकरण आहे. मासे खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, नदींतील कोणते व समुद्रांतील कोणते, कोणास काय खाऊं घालून आपल्याजवळ आणावें, काठी, दोरी व गळ कसे असावेत, हें सर्व त्यांत व्यवस्थित सांगितलें आहे. १९५१ सालीं सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञानें त्या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हां कोठें आमच्या विद्वानांचें लक्ष तिकडे गेलें. दक्षिणेच्या एका राजानें याच दख्खनच्या नद्यांकांठीं बसून गळ टाकला, आणि त्याचें शास्त्र देवभाषेंत लिहून ठेवलें, हें आम्हीं रावसाहेबांस सांगितलें, त्या दिवशीं त्यांचा आनंद गगनांत मावेना. त्या दिवसापासून आमची पोथी थोडी मोठ्यानें वाचण्यास त्यांची हरकत उरली नाहीं.

विलायतेंतहि या छंदाचा आदिग्रंथ मैत्रीचाच ग्रंथ आहे. आयझाक वॉल्टन या लंडनच्या व्यापाऱ्याचें गळाच्या कलेवरील पुस्तक १६५३ सालीं निघालें. तो काळ यादवी युद्धानंतरचा. राजाचा वध होऊन चार वर्षें झालीं होतीं, आणि भल्या माणसांस शहरांत श्वास घेणें कठीण झालें होतें. अशा वेळीं नदीकांठीं चालत जाणाऱ्या प्रवाशांच्या गप्पा त्यानें लिहिल्या. पुढें चार्ल्स कॉटन नांवाचा, त्याच्याहून वयानें सदतीस वर्षें लहान असलेला एक जमीनदार त्याचा परम स्नेही झाला. कॉटननें १६७४ सालीं डव्ह नदीच्या कांठीं एक छोटें दगडी घर बांधलें व दोघांच्या नांवांचीं आद्याक्षरें एकमेकांत गुंफून त्याच्या दारावर कोरलीं. तें घर अद्याप उभें आहे. मासे पकडण्याच्या जागेवर दोन मित्रांचीं नांवें कोरलीं जावींत, यांतच या छंदाचें मर्म आलें. जेथें बोलावें लागत नाहीं तेथें मैत्रीची खरी परीक्षा होते. आणि नदीकांठीं दोन-दोन तास न बोलतां बसतां येईल असे मित्र मनुष्यास आयुष्यांत फार थोडे लाभतात.

आणखी एका परकीयाचें ऋण येथें मानलें पाहिजे. कर्नल विल्यम हेन्री सायक्स हा कंपनी सरकारच्या लष्करांतील अधिकारी १८२४ पासून कांहीं वर्षें दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत हिंडत होता. त्यानें दख्खनच्या माशांवर निबंध लिहिला, आणि ज्या माशांस शास्त्रांत नांव नव्हतें त्यांस लॅटिन नांवें देतांना कोळ्याभोयांच्या तोंडचे मराठी शब्दच उचलले. पुण्याच्या मुळामुठेंतील महाशीर, ज्यास आमचे बाबा खडस म्हणतात, त्यास १८३९ सालीं त्यानें दिलेलें ‘खुद्री’ हें नांव आजहि जगभर शास्त्रीय नांव म्हणून चालतें. घोग्रा, शिंगटी, अळकुटी, नुकटा हींहि तशींच. लंडन काय अथवा टोकियो काय, कोठल्याहि विद्यापीठांत या माशांचें नांव घेणारा शास्त्रज्ञ नकळत मराठी बोलतो. आमच्या घरांतील इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या नातवंडांस मात्र यांतील एकहि नांव ठाऊक नसतें. खडस कोणता व शिंगटी कोणती हें ओळखणारे बाबांसारखे लोक आतां विरळ झाले आहेत. त्यांचा स्वतःचा नातू शिरवळच्या कारखान्यांत पाळीवर जातो. त्यास दोष देतां येत नाहीं. नदी पोट भरीनाशी झाली म्हणजे मनुष्य यंत्राकडे वळणारच.

नदी पोट कां भरीनाशी झाली, हाच या लेखाचा कळीचा प्रश्न आहे. मृगाचा पहिला पाऊस पडून ओढे वाहूं लागले कीं पोटांत अंडीं असलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढूं लागतात. यांस मावळांत चढणीचे मासे म्हणतात. स्वच्छ, वाहत्या, वाळू-गोट्यांच्या उथळ पाण्यांत अंडीं घालावीं म्हणून त्यांची ही धडपड असते. तीं कधीं भातखाचरांतहि शिरतात. या वेळीं त्यांस पकडण्यास गळ लागत नाहीं, कौशल्य लागत नाहीं. टोपली व काठी पुरते. पूर्वीहि लोक ते धरीत, परंतु घरापुरते धरीत. बाबा म्हणाले, “आमी बी धरायचो. पण ओढ्याची एक बाजू मोकळी सोडायचो. आता जाळं ह्या काठापासून त्या काठापत्तुर.” त्याशिवाय कोणी पाण्यांत विजेची तार सोडतो, कोणी सुरुंगाची दारू, कोणी विष. १८९७ च्या कायद्यानें दारू व विष यांनीं मासे मारण्यास बंदी घातलेली आहे; पण अंधारांत, पावसांत, ओढ्याच्या कांठीं कायदा पोहोंचावा कसा? त्यांतून वाचून जो मासा वर येतो, त्याच्या वाटेंत धरणाची भिंत उभी असते. महाशिरासारखा मासा म्हणूनच सर्वत्र कमी होत गेला. टाटांच्या वीज कंपनीनें लोणावळ्याजवळ वळवण येथें १९७० नंतर महाशिराचीं अंडीं कृत्रिम रीतीनें उबवून पिलें वाढविण्याचा उद्योग सुरू केला. डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखालीं झालेलें हें कार्य मोठेंच आहे; तरी पिलें सोडावयास वाहती नदी शिल्लक पाहिजे.

यावर उपाय आमच्या परंपरेंतच आहे. वरंधा घाट उतरून महाडकडे गेलें म्हणजे काळ नदीवर वाळण कोंड नांवाचा डोह आहे. खडकांच्या घळींत खोल पाणी, कांठीं वरदायिनी देवीचें स्थान, व पाण्यांत हातहातभर लांबीचे महाशीर. भाविक चुरमुरे टाकतात, मासे थव्यानें वर येतात. आणि कोणीहि त्यांस धरीत नाहीं, कारण ते देवीचे आहेत. असे देवाचे डोह आमच्या पूर्वजांनीं ठिकठिकाणीं राखले होते. तेथें वाढलेली वीण पुढें सर्व नदीस पुरत असे. जसें बियाण्याचें धान्य उपाशी राहूनहि शेतकरी कणगींत राखतो, तसेंच हें. त्याहूनहि जुना पुरावा सम्राट अशोकाचा. आपल्या पांचव्या स्तंभलेखांत, इ. स. पूर्वी २४३ च्या सुमारास, त्यानें कांहीं जातींचे मासे अवध्य ठरविले, आणि चातुर्मासी पौर्णिमांसारख्या ठराविक दिवशीं मासे मारणें व विकणें दोन्ही निषिद्ध केलें. आजहि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांची समुद्रांतील मासेमारी बंद असते. आमच्या घरांतील चातुर्मासाचे नियम माशांसाठीं केले, असें आम्ही म्हणणार नाहीं. पण त्या महिन्यांत जिभेस आवर घालणारा मनुष्य नकळत नदीचें कल्याण करीत आला, हें खोटें नव्हे.

हें सर्व आम्ही रावसाहेबांस वेळोवेळीं सांगत आलों, व ते ‘हूं’ म्हणून ऐकत आले. शाकाहारी मित्राचा उपदेश मत्स्याहारी मित्रानें किती मनावर घ्यावा, याचीहि एक मर्यादा असते. म्हणून आम्हींहि तो कधीं लांबविला नाहीं. पांच वर्षांपूर्वींच्या कार्तिकांतील गोष्ट. दिवस मावळण्याच्या सुमारास मोरपीस एकदम बुडालें, आणि काठी धनुष्यासारखी वांकली. अर्धा तास रावसाहेब डोहाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालले, कधीं दोरा सोडला, कधीं ओढला. घामानें त्यांचा सदरा भिजला. अखेर उथळ पाण्यांत एक खडस आडवा झाला. मोठाल्या खवल्यांवर सोन्याची झाक, आणि लांबी जवळजवळ दोन हात. एवढा मासा बाबांनींहि त्या डोहांत कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. घरीं सूनबाईंनीं वाटण तयार ठेवल्याचा दूरध्वनि दुपारींच येऊन गेला होता. आम्ही पोथी मिटली, पण बोललों कांहीं नाहीं. बाबाहि बोलले नाहींत. रावसाहेब गुडघाभर पाण्यांत उभे राहून त्या माशाकडे पाहत राहिले. मग त्यांनीं बाबांस विचारलें, “मादी ना?” बाबा म्हणाले, “येवढी थोराड म्हंजे मादीच. आकाड लागला की हजारांनी अंडी टाकंल.” रावसाहेबांनीं हळूच गळ सोडविला, दोन्ही हातांनीं तिला प्रवाहाकडे तोंड करून धरलें, आणि तिच्या अंगांत जोर आल्यावर हात काढून घेतले. एक काळी रेघ डोहांत उतरून दिसेनाशी झाली. परततांना वाटेंत ते एवढेंच म्हणाले, “मास्तर, आज घरीं वांग्याची भाजी करावयास सांगतों.” त्या दिवसापासून त्यांचे दोन नियम झाले. आषाढ ते आश्विन गळ खुंटीवर; आणि थोराड मासा पाण्यांत परत. लहान दोन-चार मासे ते पूर्वीप्रमाणेंच घरीं नेतात, आणि आम्ही त्यास हरकत घेत नाहीं. मैत्रींत सर्वच नियम एकमेकांचे करून घ्यावयाचे नसतात.

ज्यांस या वाटेनें जावयाचें असेल त्यांस चार व्यवहाराच्या सूचना करतों. धरणांच्या पाण्यांतील मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थांकडे असतो. तेथें गळ टाकण्यापूर्वीं परवानगी घ्यावी. नदीवरहि गांवच्या वडीलधाऱ्यांस विचारल्यावांचून बसूं नये. ज्या गांवचें पाणी त्या गांवचे आपण पाहुणे. पावसाळ्यांत घाटांतील दरडी व ओढ्यांचे लोंढे यांमुळें वाटा बंद करतात. तो हुकूम मोडण्यांत कांहींच पुरुषार्थ नाहीं. जलाशयाचा कांठ वरून सपाट दिसतो, परंतु बुडालेल्या खाचरांचे बांध व जुन्या नदीची खोली पाण्याखालीं तशीच असते. २०२२ च्या मे महिन्यांत भाटघरच्या पाण्यांत उतरलेल्या एकाच कुटुंबांतील पांच स्त्रिया बुडून मृत्यु पावल्या. पोहतां येणें आणि अनोळखी पाणी ओळखणें या दोन भिन्न विद्या आहेत, हें मुलांस घरूनच बजावून आणावें. जेवण बरोबर नेण्यापेक्षां गांवांतील एखाद्या घरीं आदल्या दिवशीं सांगून ठेवावें. नाचणीची भाकरी, पिठलें, ठेचा आणि इंद्रायणी तांदळाचा वाफाळलेला भात यांची सर शहरांतील खानावळीस नाहीं. आणि त्याचे पैसे घासाघीस न करतां द्यावेत. प्लास्टिकची पिशवी जशी नेली तशी परत आणावी. आणि मुलांस बरोबर नेलें तर गळ त्यांच्या हातीं देण्यापूर्वीं माशांचीं नांवें त्यांच्या तोंडीं द्यावींत.

गेल्या कार्तिकांत आम्ही आमच्या नातवास नेलें होतें. वय वर्षें नऊ. बाबांनीं त्यास पाण्यांतील एकेक मासा बोटानें दाखवून नांव सांगितलें, आणि त्यानें तीं वहींत उतरवून घेतलीं. घरीं आल्यावर त्यानें आजीस विचारलें, आपण मासे खात नाहीं तर त्यांचीं नांवें कशाला शिकावयाचीं? आजीनें उत्तर आमच्यावर सोपविलें. आम्हीं त्यास सांगितलें कीं, बाळा, शेजाऱ्यांचीं नांवें आपण शिकतों, तीं कांहीं त्यांस खाण्यासाठीं नव्हे. त्यावर तो वही घेऊन रावसाहेबांच्या घरीं गेला. तेथें त्यास काय उत्तर मिळालें हें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु येत्या कार्तिकासाठीं त्यानें एक मोरपीस मागून ठेवलें आहे.